‘माझं काय चुकलं?’ हा प्रश्न बाजूला ठेवून

 

आज आम्ही आमच्याच एका चुकीपासून सुरुवात करणार आहोत. दोन वर्षांपूर्वी आमच्या बचत गटातली एक मैत्रीण जिल्ह्याच्या ठिकाणी मनाच्या आजारावर उपचार घेऊन घरी आली. तिचं नाव आम्ही सांगणार नाही. ही गोष्ट सांगायला तिने परवानगी दिली आहे, नाव सांगायला दिलेली नाही. ती घरी आली तेव्हा आम्हाला आनंद झाला, आणि तिच्यासाठी काहीतरी करावं असं सगळ्यांनाच वाटलं. एका प्रशिक्षणात आम्ही ‘आत्मपरीक्षण’ हा शब्द ऐकून आलो होतो. आम्ही तिला शंभर पानी वही दिली आणि सांगितलं, “रोज रात्री लिहीत जा. आपलं काय चुकतं ते शोध, म्हणजे पुन्हा आजारी पडणार नाहीस.” पुढच्या बैठकीत हजेरी झाली, बचत गोळा झाली, हप्ते झाले, आणि आम्ही सगळ्यांसमोर तिला म्हणालो, “वाच ना काय लिहिलंस.”

ती उभी राहिली. एक ओळ वाचली आणि खाली बसली. त्यानंतर दोन महिने ती बैठकीला आली नाही.

आमच्यातली एक जण तिच्या घरी गेली. तिने न बोलता वही पुढे केली. प्रत्येक पानावर वर लिहिलेलं होतं, ‘माझं काय चुकलं?’ आणि खाली यादी. मुलावर ओरडले. सासूबाईंना उलट बोलले. दुपारी झोपले. आणि जवळजवळ प्रत्येक पानावर शेवटची ओळ तीच होती: आजारी पडले. ताप आला तर आपण कोणी ‘माझा गुन्हा’ म्हणून वहीत लिहितो का? वरून ती वही घरात दुसऱ्या कोणीतरी वाचली होती आणि म्हटलं होतं, “बघा, स्वतःच कबूल केलंय.”

आम्ही चांगल्या हेतूने दिलेली वही तिच्याविरुद्धचा पुरावा झाली. मग आम्ही ठरवलं की हे काम लोकांनी आधी कसं केलं ते आधी वाचायचं आणि मगच कोणाला सल्ला द्यायचा. आमच्यात बी.ए. झालेली एकच, त्यामुळे वाचनाचं काम तिच्या गळ्यात पडलं. त्यातून जे कळलं ते आज सांगतो.

सव्वाशे वर्षांमागे जाऊ. ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ सालचं. तेव्हा अशा जागेला सरळ ‘वेड्यांचं इस्पितळ’ म्हणत. १९१२ साली इंग्रज सरकारने ‘इंडियन ल्युनसी ॲक्ट’ केला. माणसाला तिथे ठेवायचं की नाही हे मॅजिस्ट्रेट ठरवायचा, डॉक्टर दाखला द्यायचा, नातेवाईक अर्ज करायचे. कागद भरपूर असायचे, पण ज्याच्याबद्दल ते लिहिलेले असत त्याला काय वाटतं, हे त्यात लिहायची पद्धत नव्हती. ‘वेड्याचं काय ऐकायचं?’ अशी तेव्हाची समजूत होती. जगभर थोड्याफार फरकाने असंच चालत होतं.

या समजुतीला मोठा धक्का दिला अमेरिकेतल्या एका तरुणाने. त्याचं नाव क्लिफर्ड बीअर्स. तो १८७६ साली कनेटिकट राज्यातल्या न्यू हेवन गावी जन्मला. येल विद्यापीठातून १८९७ साली पदवी घेऊन नोकरीला लागला. त्याच्या एका भावाला फेफरं यायचं. तसाच आजार आपल्यालाही होणार ही भीती त्याच्या मनात घर करून बसली. १९०० च्या जूनमध्ये त्याने जीव द्यायचा प्रयत्न केला. तो वाचला, पण पुढची तीन वर्षं तीन वेगवेगळ्या इस्पितळांत गेली.

त्याला वाटायचं की भोवतालचे सगळे पोलिसांचे हेर आहेत. भेटायला येणारा सख्खा भाऊ जॉर्ज हाही खरा नाही, त्याच्या रूपात दुसराच कोणी येतो. तो घरच्यांशी बोलेनासा झाला. दोन वर्षांहून जास्त काळ असा गेला.

आता यातली महत्त्वाची गोष्ट ऐका. १९०२ च्या ऑगस्टमध्ये त्याने आपल्याच संशयाची परीक्षा घ्यायचं ठरवलं. त्याने भावाला पत्र लिहिलं आणि कळवलं की भेटायला येशील तेव्हा हे पत्र बरोबर घेऊन ये. त्याचा हिशेब साधा होता. हे पत्र खऱ्या भावाच्याच घरी पोचेल, तोतया असेल तर त्याच्याकडे ते असणारच नाही. ३० ऑगस्टला जॉर्ज आला आणि त्याने खिशातून ते पत्र काढून दाखवलं. बीअर्सच्या मनातली गाठ त्या क्षणी सुटली. हा माझाच भाऊ आहे, हे त्याला पटलं.

मैत्रिणींनो, आम्हाला हे वाचून फार आश्चर्य वाटलं. त्याने ‘मी किती वाईट’ असं स्वतःला विचारलं नाही. ‘मला जे वाटतंय ते खरं आहे का, हे कसं तपासू?’ असं विचारलं. आणि तपासायला दुसऱ्या माणसाची, म्हणजे भावाची मदत घेतली.

पण गोष्ट इथे गोड होऊन संपत नाही. उदासी गेली आणि मन दुसऱ्या टोकाला गेलं. झोप नाही, बोलणं थांबत नाही, डोक्यात मोठमोठ्या योजना. तो लिहीतच सुटला. सामान बांधायचा खाकी कागद मागून घ्यायचा, त्याच्या पट्ट्या एकमेकींना चिकटवायचा आणि वीस-तीस फूट लांबीची पत्रं लिहायचा. इस्पितळात त्याला मारहाण झाली, हातपाय हलवता येऊ नयेत असा अंगरखा घालून बांधून ठेवलं गेलं. त्याने थेट राज्याच्या गव्हर्नरला पत्र लिहिलं. १९०३ मध्ये तो बाहेर आला.

यातून आम्ही एक धडा घेतला. भरपूर लिहिणं म्हणजे आत्मपरीक्षण नव्हे. कधी कधी ते लिहिणंच आजाराचं लक्षण असतं.

१९०५ च्या सुरुवातीला आपली गोष्ट पुस्तकात लिहायचं त्याच्या मनात भरलं आणि पुन्हा तोच वेग, तीच रात्ररात्र जाग सुरू झाली. भावाच्या ते लक्षात आलं. त्याने सांगितलं आणि बीअर्सने ऐकलं. तो आपल्या पायांनी इस्पितळात गेला आणि स्वतःच्या सहीने दाखल झाला. ज्या इस्पितळात हाल सोसले होते त्याच इस्पितळात! काही आठवड्यांनी शांत होऊन परत आला आणि मग नोकरी करत, सावकाश पुस्तक पुरं केलं.

ते पुस्तक १९०८ साली निघालं. त्याच्या इंग्रजी नावाचा अर्थ ‘स्वतःला सापडलेलं मन’ असा आहे. विल्यम जेम्स या मोठ्या मानसशास्त्रज्ञाने त्याची पाठराखण केली. त्याच वर्षी बीअर्सने आपल्या राज्यात मानसिक आरोग्याची संस्था काढली आणि १९०९ मध्ये सगळ्या देशासाठी. इस्पितळांतली वागणूक सुधारावी म्हणून तो आयुष्यभर झटला. १९३९ मध्ये तो पुन्हा आजारी पडला, पुन्हा दाखल झाला आणि १९४३ साली इस्पितळातच वारला.

हा शेवट आम्ही मुद्दाम सांगतो आहोत. स्वतःला ओळखलं म्हणजे आजार कधीच परत येत नाही, असं वचन कोणी देऊ नये. आम्ही आमच्या मैत्रिणीला तेच खोटं वचन दिलं होतं. आणि आजार परत आला म्हणून मधली तीस-पस्तीस वर्षं वाया गेली, असं बीअर्सच्या बाबतीत कोण म्हणेल?

बीअर्स शिकलेला होता, लिहिणारा होता. ज्यांना लिहायची सवय नाही त्यांनी काय करायचं? याचं उत्तर आम्हाला शिकागो शहरात सापडलं. तिथे डॉ. अब्राहम लो नावाचे मनोविकारतज्ज्ञ होते. इस्पितळातून घरी गेलेले लोक पुन्हा पुन्हा परत येतात, हे ते पाहत होते. १९३७ साली त्यांनी अशा लोकांचा गट बांधला. नाव ठेवलं ‘रिकव्हरी’, म्हणजे सावरणं, बरं होत जाणं. हे लोक आठवड्याला जमायचे, अगदी आपल्या गटासारखे. तिथे आयुष्यभराची दुःखं उगाळायची नाहीत, असा नियम होता. रोजच्या जगण्यातला एक छोटा प्रसंग घ्यायचा आणि चार टप्प्यांत सांगायचा. पहिला, काय घडलं. दुसरा, शरीरात आणि मनात काय झालं. तिसरा, ते मी कसं ओळखलं आणि त्यावर काय केलं. चौथा, पूर्वी असंच झालं असतं तर मी काय केलं असतं. आणि शेवटी प्रयत्न केल्याबद्दल स्वतःला शाबासकी द्यायची. जमलं की नाही यावर ती शाबासकी अवलंबून नसायची, प्रयत्न केला एवढं पुरे असायचं.

आम्ही हे आपल्या भाषेत असं करून पाहिलं. दूध उतू गेलं. छातीत धडधडलं, हात थरथरले, ‘आता घरात सगळे बोलणार’ असं वाटलं. मी ओळखलं की ही धडधड आहे, संकट नाही. गॅस बंद केला, पाणी प्यायले, ओटा पुसला. पूर्वी असते तर दिवसभर रडत बसले असते. शाबास! एवढंच. दोन मिनिटांत सांगून होतं, आणि त्यात ‘माझं काय चुकलं’ कुठेच येत नाही.

१९५४ मध्ये डॉ. लो वारले. गट मात्र चालू राहिले, कारण ते चालवणारे त्यातूनच वर आलेले लोक होते. आपला बचत गट बाहेरचा साहेब बदलला तरी चालतो, तो कशामुळे हे आपल्याला माहीत आहेच.

छोटाच प्रसंग का घ्यायचा, मोठं दुःख का नाही? याचं उत्तर पुढे एका स्त्रीने अभ्यासातून दिलं. सुसान नोलन-होक्सिमा या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ. गाय जसा रवंथ करते तसं मन तेच तेच दुःख चघळत राहतं, यावर त्यांनी आयुष्यभर काम केलं. १९८९ च्या ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियात मोठा भूकंप झाला. त्याच्या काही दिवस आधीच त्यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना विचारून ठेवलं होतं की मन खचलं की तुम्ही काय करता. भूकंपानंतर त्यांनाच पुन्हा गाठलं. ज्यांना आधीपासून ‘असं का झालं, मलाच का, मी अशी का’ असं घोळवत बसायची सवय होती, ते सात आठवड्यांनंतरही जास्त खचलेले आढळले. ही सवय पुरुषांपेक्षा बायकांत जास्त दिसते, हेही त्यांच्या अभ्यासात पुढे आलं. आपल्याकडे याला विचारांचं दळण म्हणतात. आमच्या मैत्रिणीच्या हातात आम्ही वही दिली होती, पण खरं तर तिला दळणाला बसवलं होतं.

दळण म्हटलं की जातं आठवतं. आपल्या आज्या-पणज्या पहाटे जात्यावर बसायच्या आणि मनातलं ओवीत सांगायच्या. माहेर, सासर, लेक, भाऊ, अंगावरचा मार, सगळं. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी आणि त्यांच्याबरोबरच्या बायकांनी गावोगाव फिरून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. म्हणजे स्वतःच्या मनाकडे बघणं ही आपल्याला परदेशातून आलेली गोष्ट नाही. पण दोन गोष्टी लक्षात घ्या. जात्यावर बहुतेक वेळा समोर दुसरी बाई असायची, खुंट्याला दोघींचे हात असायचे. आणि पीठ संपलं की गाणंही संपायचं, बाई उठून कामाला लागायची. त्यात सोबत होती आणि त्याला शेवट होता. आमच्या वहीत दोन्ही नव्हतं.

आता तिसरी पायरी. १९९७ साली अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात मेरी एलन कोपलंड आणि त्यांच्याबरोबरच्या लोकांनी एक आराखडा तयार केला. कोपलंड यांनी स्वतः हा आजार सोसलेला होता आणि त्यांची आईही अनेक वर्षं इस्पितळात राहून बरी होऊन घरी आलेली होती. आराखडा करणारे सगळे यातून गेलेलेच लोक. माणूस बरा असताना त्याने स्वतःसाठी लिहून ठेवायचं: मी बरी असते तेव्हा कशी असते. बरं राहायला मला रोज काय लागतं. कशामुळे माझं मन ढळतं. बिघडायला लागलं की आधी कोणती चिन्हं दिसतात. फारच बिघडलं तर कोणी काय करायचं आणि काय करायचं नाही. आणि त्यातून बाहेर आल्यावर पुन्हा कसं सावरायचं. हे आपल्या हाताने लिहायचं, किंवा आपण सांगून दुसऱ्याकडून लिहून घ्यायचं. दुसऱ्याने ठरवून आपल्या नावावर लिहायचं नाही.

आपल्याकडेही याच काळात वारं बदलत होतं. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी व्यसनमुक्तीसाठी ‘मुक्तांगण’ सुरू केलं. व्यसनातून बाहेर आलेली माणसंच तिथे पुढे दुसऱ्यांना आधार देऊ लागली. कॅनडात राहणारे डॉ. जगन्नाथ वाणी यांनी पुण्यात ‘स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन’ उभी केली. ‘देवराई’ हा सिनेमा २००४ साली आला, तोही त्यांच्या पुढाकारातून. पुण्यातल्या अशा गटांत ‘रुग्ण’ हा शब्द टाळून ‘शुभार्थी’ म्हणायची पद्धत पडली आणि काळजी घेणाऱ्याला ‘शुभंकर’. आम्हाला हे दोन शब्द फार आवडले. शुभार्थी म्हणजे शुभ इच्छिणारी. तिने काही गुन्हा केलेला नाही, तिला बरं व्हायचं आहे.

आणि कायदाही बदलला. १९१२ चा कायदा जाऊन १९८७ चा आला. पुढे २०१७ साली ‘मानसिक आरोग्यसेवा कायदा’ झाला आणि २०१८ पासून लागू झाला. त्यात अठरा वर्षांवरच्या प्रत्येकीला एक हक्क मिळाला आहे. उद्या मी आजारी पडले तर माझ्यावर कसे उपचार व्हावेत, कसे होऊ नयेत, आणि माझ्या वतीने बोलणारी व्यक्ती कोण, हे आज शुद्धीवर असताना लेखी देऊन ठेवता येतं. तातडीच्या उपचाराच्या वेळी त्याला अपवाद असतो, पण एरवी डॉक्टरांनी ते विचारात घ्यायचं असतं. ज्या देशात शंभर वर्षांपूर्वी सगळे कागद दुसरेच लिहायचे, तिथे आता तिच्या कागदाला कायद्याने किंमत दिली आहे. असा कागद करायचा तर आधी स्वतःला ओळखावं लागतं. आत्मपरीक्षणाचा खरा उपयोग हा आहे.

हे सगळं वाचून झाल्यावर आम्ही त्या मैत्रिणीकडे गेलो आणि माफी मागितली. मग तिला विचारून, तिच्या कलाने, नवी पद्धत ठरवली. आमच्या गटात आज ती अशी चालते.

‘माझं काय चुकलं?’ हा प्रश्न बंद. त्याऐवजी तीन प्रश्न: काल झोप कशी लागली? काल अंगात, मनात काय जाणवलं? कशाने थोडं बरं वाटलं? जिला लिहिता येत नाही ती डब्यात चिंचोके टाकते. चांगल्या दिवसाला एक, जड दिवसाला दोन, झोप न लागलेल्या रात्रीला तीन. आठवड्याने डबा ओतला की चित्र समोर दिसतं.

हे दिवसाउजेडी करायचं, दहा-पंधरा मिनिटं, आणि मग उठून कामाला लागायचं. रात्री अंथरुणात नाही. मन फारच जड असेल त्या दिवशी अजिबात नाही. त्या दिवशी फक्त जेवायचं, गोळी घ्यायची आणि कोणाच्या तरी सोबत राहायचं.

प्रत्येकीने आपली एक सोबतीण स्वतः निवडायची. बैठकीत सगळ्यांसमोर वाचायला सांगायचं नाही. वही, डबा तिच्या मालकीचा. नवरा असो, सासू असो, गटाची अध्यक्ष असो, तिने दिल्याशिवाय हात लावायचा नाही.

आणि वही बघून गोळी बंद करायची नाही. ‘महिनाभर छान गेला, आता औषध कशाला’ असं वाटलं तर ती वही घेऊन डॉक्टरांकडे जायचं. औषध कमी करायचं की बदलायचं ते त्यांच्याशी बोलून. जीव नकोसा वाटू लागला तर वही बाजूला ठेवून लगेच कोणाला तरी सांगायचं. आशाताईला सांगा, सोबतिणीला सांगा, किंवा १४४१६ या नंबरवर फोन करा. ही सरकारची ‘टेली-मानस’ सेवा आहे, फोनला पैसे पडत नाहीत, आणि मराठीत बोलता येतं.

गेल्या पावसाळ्यात आमच्या मैत्रिणीने सोबतिणीला सकाळीच निरोप धाडला. डब्यात सलग तीन रात्री तीन-तीन चिंचोके पडले होते. दोघी त्याच दिवशी एसटीने डॉक्टरांकडे गेल्या. औषध थोडं बदललं, आठ दिवस ती घरी पडून राहिली. या वेळी भरती व्हावं लागलं नाही. पुढच्या वेळी लागेलही, कोण सांगणार? तीच म्हणाली, “रेडिओवर मी बरी झाले असं सांगू नका. मला आता आधी कळतं, एवढंच सांगा.”

म्हणून एवढंच सांगतो.

आणि हो, ती पहिली शंभर पानी वही. तिने ती एक दिवस चुलीत घातली. आम्हाला विचारलं नाही. विचारायचं कारणही नव्हतं, वही तिची होती.

पुन्हा भेटू, मैत्रिणींनो. नमस्कार.